व्याही, तुमची पिवळ्या टेपची गाडी

व्याही, पार्किंगमधली ती पिवळी टेप अजून कुणी काढलेली नाही. परवा तुमच्या तेराव्याला सोसायटीचा सेक्रेटरी वर आला, कोपऱ्यात हात जोडून बसला आणि जाताना मला म्हणाला, "आबा, राहू द्या ती टेप. घाई नाही काही." हाच माणूस चार महिने तुमच्या मागं लागला होता, फरशीला डाग पडतात म्हणून.

मला लिहायची सवय नाही. चौथीपर्यंत शाळा, पुढं स्टिअरिंग. पण बोलायचं बरंच राहिलंय आणि समोर तुम्ही नाही, म्हणून मनीषाकडून वही मागून घेतली.

गेलात तेही तुमच्याच पद्धतीनं. सकाळचा चहा झाला, कप विसळून पालथा घातला, खुर्चीत बसून पेपर हातात घेतला आणि मान टाकली. मनीषा म्हणते, पेपरची घडीसुद्धा उलगडली नव्हती. मी चाकणहून, म्हणजे आमच्या महाळुंग्याहून, वाकडला पोचेस्तोवर तुम्हाला खाली निजवलं होतं. तुमच्या पायावरचं पांघरूण सारखं करताना माझ्या मनात काय आलं सांगू? लोक रडत होते आणि मी माप घेत होतो. म्हटलं, व्याही पाच फूट चारच भरतात. मग गाडीतला बिछाना सहा फुटाचाच पाहिजे म्हणून एवढा हट्ट कशाला धरला होता?

आपली सोयरीक चौदा वर्षांची. माझी एकुलती मनीषा तुमच्या घरात दिली. तुम्ही लातूरकडचे, कामाला पिंपरीत आलात आणि इथलेच झालात. आमच्याकडं रीत अशी, की लेक दिली की तिला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. माझ्या आज्यानं पाळली, बापानं पाळली. बाकीच्यांची वर्षा-दोन वर्षांत सुटते, नातवंडाला मांडीवर घेऊन जेवतात. मनीषाला मूल झालं नाही. दवाखाने झाले, नवस झाले, शेवटी त्या दोघांनी ते सगळं थांबवलं आणि आपल्या संसाराला लागले. माझी रीत तेवढी थांबली नाही. मी यायचो तो बाटलीत घरचं पाणी घेऊन. सोफ्याच्या कडेला बसायचो. चहा ठेवू का, असं तिनं विचारणं केव्हाच सोडलं होतं, पण मी बसलो असेपर्यंत ती गॅसजवळच उभी राहायची. तासाभरात मी उठायचो. तिची आई गेल्यावर तर तिनं किती म्हटलं, आबा, एकटे कशाला राहता, इकडं या. ज्या घरात जेवता येत नाही, तिथं राहणार कसा?

तुम्ही इतकी वर्षं एका शब्दानं बोलला नाहीत. मग मागच्या दिवाळीनंतर एकदा मी बाटलीचं झाकण उघडलं आणि तुम्ही म्हणालात, "व्याहीबुवा, एक इचारू का? राग यील."

"इचारा."

"ती बाटली उघडली की तुमच्या लेकीला काय ऐकू येतंय, म्हाईत हाय का?"

"आमची रीत हाय ती."

"हाव की, रीत हाय. ज्याला लेकरू झालं त्याला सोपी हाय. तुमी दर खेपंला इथं येऊन तिला सांगून जायलात, बाई, तुला लेकरू न्हाई."

मी म्हटलं, तोंड सांभाळा. तुम्ही सांभाळलं नाही. उलट खालच्या आवाजात म्हणालात, "विहीणबाई जेवायच्या इथं. तुमच्या मागं. मेथीची भाजी आन् ज्वारीची भाकर. मी सोता वाढलंय."

मी चपला घातल्या आणि निघालो. लिफ्टची वाटसुद्धा बघितली नाही, अकरा मजले जिन्यानं उतरलो, या गुडघ्यानं.

दोन महिने मी वाकडचं तोंड बघितलं नाही. मनीषाचा फोन आला की हं हं करून ठेवायचो. मला राग तुमचा जास्त होता की मनीषाच्या आईचा, तेही कळत नव्हतं. चाळीस वर्षं एका घरात राहून बाईनं पत्ता लागू दिला नाही. घरी तर मेथी कडू लागते म्हणायची.

आणि एके सकाळी तुम्ही माझ्या दारात. दोन बसा बदलून आलेले, काखेत कागदाची गुंडाळी. मला वाटलं, माफी मागायला आले. तुम्ही माफीचं नावही काढलं नाही. अंगणात कागद पसरलात, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवलेत आणि म्हणालात, "राहायची गाडी बांधायचीय, व्याहीबुवा. आतच गॅस, आतच बिछाना. जाऊ तिथं घर. घरातलं मला कळतंय, गाडीतलं न्हाई. तुमच्याबिगर हे व्हायचं न्हाई."

माझी दुखती नस तुम्हाला बरोबर ठाऊक. तीस वर्षं टेम्पो चालवला मी, चाकण ते पिंपरी, एक दिवस माल वेळेवर गेला नाही असं झालं नाही. गाडीतलं मला कळतं असं कुणी म्हटलं की माझी मान आपोआप वाकते. वाकली. बघतो तर आखणी अशी, की छापल्यासारखी. ओटा कुठं, भांडी कुठं, टाकी कुठं, दार कुठं उघडतं, झाकण कुठं लागतं. इंच इंच लिहिलेला. पण मी ड्रायव्हर आहे, मला पहिली दिसते ती सीट.

"व्याही, बसायचं कुठं?"

तुम्ही कागदाकडं बघत राहिलात. चष्मा काढलात, पुसलात, परत बघितलंत.

"पस्तीस वर्षं कंपनीत उभं ऱ्हाऊन काम केलं," म्हणालात. "आमच्या लाइनीवर खुर्ची म्हणून नव्हतीच. ध्यानातच आलं न्हाई बगा."

आणि असे हसलात की तुम्हाला ठसका लागला. मी आत जाऊन पाणी आणलं. तुम्ही माझ्या घरचं पाणी घटाघटा प्यालात. तेव्हा मला काही वाटलं नाही. आता वाटतं.

कागदावरचं खरं मानायचं नाही, ही तुमच्या कंपनीची शिकवण. नवीन मशीन यायच्या आधी तिथं फरशीवर टेप मारून तिची पूर्ण मापाची जागा आखायची, खोक्यांची खोटी मशीन उभी करायची आणि कामगारानं त्यात दिवसभर खोटं काम करायचं. कुठं कोपर लागतं, कुठं उगाच दोन पावलं जास्त पडतात, ते आधीच कळतं. "कागदावर समदं मावतंय. मानूस मावतो का, ते फरशी सांगती," असं म्हणायचात. म्हणून तुमच्या पार्किंगच्या जागेत गाडी आखली. चौदा फूट लांब, सहा फूट रुंद. पिवळ्या टेपच्या भिंती, गॅसच्या जागेला लाल, पाण्याला निळी. फ्रिजच्या खोक्याचा ओटा, टीव्हीच्या खोक्याचं कपाट. सकाळी नऊला जावईबापू त्यांची गाडी घेऊन ऑफिसला गेले की आपलं घर मोकळं. संध्याकाळी ते परत यायचे आणि त्यांची गाडी आपल्या स्वयंपाकघरात उभी राहायची. खोकी तेवढी आपण जिन्याखाली नेऊन ठेवायचो.

व्याही, मी पुष्कळ कारागीर बघितले. चाकणच्या पट्ट्यात कमी नाहीत. पण रिकाम्या हवेत भाजी चिरणारा माणूस मी एकच बघितला. तुम्ही त्या खोक्यासमोर उभे राहायचात, सुरी नाही, भाजी नाही, आणि चिरायचात. चिरलेलं डावीकडं सरकवायचात. मागं वळून नसलेला डबा काढायचात, त्याचं नसलेलं झाकण ठेवायला जागा शोधायचात, ती नाही सापडली की टेप उचकटून चार इंच सरकवायचात. एकदा तुमचा हात हवेतल्या तव्याला लागला आणि चटका बसल्यासारखा मागं आला. मी डोळ्यांनी बघितलंय. अंगावर काटा आला माझ्या. आधी वाटायचं, म्हातारा येडा झाला. नंतर नंतर मलाही तवा दिसायला लागला. एकदा मी घाईनं टेप ओलांडून आत आलो, तर तुम्ही माझ्याकडं बघून म्हणालात, "दार तिकडं हाय, व्याहीबुवा." मी मुकाट्यानं बाहेर गेलो आणि दारातून आत आलो.

सेक्रेटरी यायचा. "काका, हे काय चाललंय?"

"घर बांधायलोत."

"पार्किंगमध्ये बांधकामाला परवानगी नाही."

"बांधकाम कुठं हाय? तुमी पाय मारून बगा की भिंतीला. पडली तर आमी पाडलं म्हना."

तो बिचारा खरंच टेपेच्या बाहेर उभा राहून बोलायचा. आत पाय टाकायचा नाही.

भांडलो किती आपण. पाण्याची टाकी तुम्ही पार मागच्या टोकाला ठेवली होती, नळाला सोयीची म्हणून. मी म्हटलं, पाणी म्हणजे वजन, आणि वजन शेपटीला बांधलं की वळणावर गाडी कंबर हलवते. दोन चाकांच्या मध्ये घ्या, खाली. तुम्ही वाद घातला नाही. दोन्ही हात कमरेवर ठेवून माझ्याकडं असं बघितलं, जसं मी तुमच्या तव्याकडं बघायचो. "ही इद्या पुस्तकात न्हाई," म्हणालात. मला घरी जाईपर्यंत तेच आठवत होतं, आता सांगतो.

संडासावरून मात्र चार दिवस अबोला. जिथं रांधायचं तिथं संडास नको, हे माझं म्हणणं. "ह्या वयात रस्त्याकडंला पळनार का?" हे तुमचं. शेवटी तुम्हीच तोड काढली, मागच्या टोकाला, दार बाहेरून. गावाकडं असतो तसा, घराला लागून पण घरात नाही. बिछान्यावरून मी हरलो. मी म्हणत होतो आडवा, साडेपाच फुटात भागतं, माझ्यासारखे उंच ड्रायव्हरसुद्धा आयुष्यभर पाय मुडपून झोपतात. तुम्ही हटला नाहीत. "मुडपायचं कामून? सरळ सहा फूट," आणि त्यापायी कपाट अर्धं केलंत.

आणि ती बसायची जागा. खोक्यांची चळत करून तुम्ही मला म्हणायचात, बसा. उठा. एक पुठ्ठा काढायचात. बसा. उठा. क्लच दाबून दाबून डावा गुडघा गेलाय माझा, खाली बसलो की उठताना आई आठवते. तुम्ही माझ्या तोंडाकडं बघत बसायचात, आणि ज्या उंचीला तोंड वाकडं झालं नाही ती लिहून घेतलीत. एकोणीस इंच.

"माझ्या गुडघ्याचं माप कशाला?"

"गाडी हाय. ड्रायव्हरच्या मापाची नको का?"

पटलं मला. मला सोयीचं असलं की पटतंच.

त्या दिवशी मनीषा खाली आली, हातात पोह्यांच्या दोन ताटल्या. मी एकोणीस इंचावर बसलो होतो, तुम्ही ओट्याशी उभे. तिनं एक ताटली तुम्हाला दिली आणि दुसरी हातात धरून माझ्यासमोर उभी राहिली. तुम्हीच बोललात, इकडं तिकडं बघत, "हे काय घर न्हवं. गाडी हाय. गाडीत खायला काय हरकत?"

मी विचार केला, खरंच केला. वास येत होता. कढीपत्त्याचा. आणि मी म्हटलं, "गाडी पार्किंगमधी हाय, पार्किंग फ्लॅटचं हाय, आन् फ्लॅट लेकीचा हाय. न्हाई चालायचं."

मनीषा ताटली घेऊन वर गेली. तुम्ही रागावला नाहीत. टेपेचं रीळ खिशात घातलंत आणि म्हणालात, "बरं. म्हंजी चाकं खरीच लागनार."

मला वाटलं, चेष्टा करता. त्यानंतर पंधरा दिवसांत तुम्ही गेलात.

तुम्ही गेलात त्या दिवशी तुमच्या घरात चूल पेटायची नव्हती. कडू घास सोयऱ्यांनी आणायचा, म्हणून माझ्या भावजयीनं पिठलं-भाकरी करून दिली आणि ती मी घेऊन आलो. सगळ्यांना वाढलं. मनीषा म्हणाली, तुम्ही खाल्ल्याशिवाय मी खाणार नाही. मग मी भाकरी हातावर घेतली, वर पिठलं घेतलं आणि उभ्यानं खाल्लं. तिच्या ताटाला हात लावला नाही. पाणी बाटलीतलं. तुम्हाला नुकतंच पोचवून आलेलो, त्या दिवशीसुद्धा. एवढा मी हट्टी, हे तुम्हाला नवीन नाही, पण मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

काल पाहुणे पांगले. मनीषानं तुमच्या कपाटातून कागद काढला. शेवटचा, शाईनं पक्का केलेला. मी आधीचे सगळे बघितले होते, हा नव्हता बघितला. त्यात सगळं होतं, टाकी दोन चाकांच्या मध्ये, संडासाचं दार बाहेरून, आणि या खेपेला जागांवर नावं लिहिलेली. ओट्याशी लिहिलं होतं, मनीषा. समोरच्या एकोणीस इंचावर लिहिलं होतं, मनीषाचे वडील. सहा फुटी बिछान्यावर परत तेच, मनीषाचे वडील. ओट्यापासून त्या जागेपर्यंत एक बाण काढलेला आणि वर लिहिलेलं, हात पुरतो, वाढायला हलावं लागत नाही.

मी कागद उलटा केला, सुलटा केला. बाकी कुठं काही लिहिलेलं नव्हतं.

"तुझ्या सासऱ्यांची जागा कुठं हाय?"

"मीपण विचारलं होतं, आबा. म्हणाले, मला कशाला जागा, मी वर फ्लॅटमध्ये राहतो की."

मग तिनं सांगितलं. तुम्ही पहिल्या दिवसापासून तिला सांगून ठेवलं होतं, माझ्या कानावर जाऊ द्यायचं नाही या बोलीवर. तुझा बाप या घरात जेवत नाही ना, मग घरालाच चाकं लावू. चाकावरचं घर ना सासरचं ना माहेरचं. खाली उभं करू, तू जाऊन रांधत जा, तो बसून जेवेल, तिथंच निजेल. त्याची रीतही मोडत नाही आणि तुझा हातही रिकामा राहत नाही. मला हे आधी कळलं असतं तर मी त्या टेपेत पायसुद्धा ठेवला नसता, हेही तुम्ही ओळखलं होतं. म्हणून माझ्याकडून टाकी हलवून घेतलीत, माझ्याकडून भांडून घेतलंत. माझं घर माझ्याच हातानं आखून घेतलंत आणि मला वाटत होतं मी तुम्हाला शिकवतोय.

मी कागदावर हात ठेवून बसलो. मी देवळात जातो, हात जोडतो, पण काल त्या कागदासमोर मला जसं वाटलं तसं तिथं कधी वाटलेलं नाही. माणसाला दोष न देता, त्याची समजूत न काढता, त्याच्या हट्टाला धक्का न लावता, त्याच्या हट्टाच्या मापाचं घर आखायचं. इंचात. आणि त्यात स्वतःला जागा ठेवायची नाही. कुठून आलं हो हे तुम्हाला? लातूरहून आणलं होतं की कंपनीत शिकलात?

दिवाळीनंतर तुम्ही जे बोललात ते खरं होतं. हे तुमच्या तोंडावर म्हणायला माझ्याकडं चार महिने होते, आठवड्यातून तीन-तीन दिवस. टाकीवर बोललो, संडासावर बोललो, हे बोललो नाही. आणि एक विचारायचं राहिलं. मनीषाच्या आईनं ती मेथीची भाजी परत मागून घेतली होती का? मनीषाला विचारलं तर ती म्हणते, तेव्हा मी नोकरी करायचे, दिवसभर ऑफिसात, बाबांनाच ठाऊक.

काल दुपारी घरात आम्ही दोघंच होतो. ती स्वयंपाकघरात गेली, स्वतःपुरतं पान घेतलं. मी आत गेलो. तुमच्या डायनिंगची खुर्ची ओढली. खुर्ची सतरा इंचाची असेल, गुडघा बोंबलला. बसलो. ती ओट्याला टेकून माझ्याकडं बघत राहिली, पळी हातात तशीच.

म्हटलं, "वाढ."

तिनं वाढलं. भात, आमटी, भेंडीची भाजी. आमटी ताटाबाहेर सांडली. पुसायला वाकली ती बराच वेळ वर आली नाही. मी घास घेतला. चौदा वर्षांत लेकीच्या हाताला काय चव आलीय ते मला ठाऊकच नव्हतं. फोडणी तिच्या आईसारखी नाही, तुमच्याकडची आहे, काळा मसाला जास्त. पाणी तिनं पुढं केलं तेही प्यालो.

अर्धं जेवण झाल्यावर मी म्हटलं, "आमटीत मीठ कमी हाय."

ती वर बघून हसली. डोळे पुसायचेसुद्धा राहिले होते तिचे.

"उद्या बरोबर घालते, आबा."

मी उद्याला नाही म्हटलं नाही, व्याही.